नवसाची चढण

आर्लेट गाडीतून उतरली, आणि आई हसली.

असं तसं नाही, दात दिसेपर्यंत हसली. हिवाळ्यात खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला उठवायचं, न्हाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या, तिची कुरकुर ऐकायची, हे सगळं सोलांज करत होती. एवढ्या महिन्यांत आईच्या तोंडून ‘पाणी बरं आहे’ यापलीकडे कौतुकाचा शब्द निघाला नव्हता. आणि थोरली बहीण आर्लेटबाई वर्षातून एकदा ल्योंहून येणार, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, अत्तराचा घमघमाट सोडत, आईच्या चाकाच्या खुर्चीपाशी वाकून कानात स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटणार. झालं! म्हातारी फुलली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काय उगीच?

“थकलीस गं,” सोलांजच्या गालाला गाल लावत आर्लेट म्हणाली. “जरा स्वतःकडे बघत जा.”

“वेळ मिळाला की बघते,” सोलांज म्हणाली आणि डिकीतून टोपल्या काढायला वळली.

“बघितलंस?” जोसियान हळूच म्हणाली. जोसियान म्हणजे नोर्बेरदादाची बायको, आणि काडी टाकण्यात एक नंबर. “राबायचं तू, मिरवायचं तिनं. मी तर बाई तोंडावर बोलले असते.”

“मग बोल की. तोंड आहे ना तुला.”

“मी परकी. मला कोण विचारतंय!”

नीमच्या या टोकाला, टेकडीखालच्या मैदानात, बसगाड्या सकाळपासूनच येऊन लागल्या होत्या. बासष्ट साली अल्जेरिया फ्रान्सपासून स्वतंत्र झाला तेव्हा हातातल्या बॅगेनिशी निघालेले ओरान शहरातले गोरे लोक, बरेचसे मूळचे स्पॅनिश, फ्रान्सभर विखुरले होते, ते या एका दिवशी इथे जमत. त्यांची सांताक्रूझची मारियामाताही त्यांच्यामागोमाग समुद्र ओलांडून आली आणि या टेकडीवर बसली. झाडांना, काठ्यांना पुठ्ठ्याच्या पाट्या लटकत होत्या, आणि पाट्यांवर ओरानच्या मोहल्ल्यांची नावं. आपापल्या मोहल्ल्याच्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं, की कोणीतरी ओरडतंच, “अरे, तू त्या न्हाव्याचा धाकटा ना!” मग मिठ्या, रडारड आणि बडीशेपेची दारू.

सोलांजच्या घराची, सेगुरांची, पाटी ‘ला मरीन’ची. बंदराला लागून असलेला मोहल्ला. सोलांज कळत्या वयापासून दरवर्षी त्या पाटीखाली उभी राहत आली होती आणि दरवर्षी पाहुणीसारखी. कारण ती बासष्टच्या डिसेंबरात इथे नीमला जन्मली. नोर्बेर आणि आर्लेट तिकडचे, ती इकडची.

“रोसारियो!” आईला हाक मारत पाकोकाका काठी टेकत आले, बऱ्याच वर्षांनी. ओरानला हे त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचे. “अजून आहेस होय तू?”

“तुला पोचवल्याशिवाय जात नाही,” आई म्हणाली.

“आणि ही आर्लेट! अगं, आमच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरायचीस, आठवतं? एकदा खालच्या मजल्यावरच्या त्या अरब खैराच्या धुण्यावर जाऊन पडलीस.”

“आणि तिनं ओल्या टॉवेलनं बदडलं मला! काका, काय काय लक्षात ठेवता हो!” आर्लेट खळाळून हसली.

“आणि ही कोण? सून का?”

“आमची बारकी,” आई म्हणाली. “इकडची.”

“अच्छा, बदक!”

सगळे हसले. इथल्या अस्सल फ्रेंच माणसांना ओरानची मंडळी आपसात बदक म्हणत. जोसियान खरीखुरी इथली, पण इतक्या वर्षांत ती या शब्दाला निर्ढावली होती. सोलांज नव्हती निर्ढावली. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दरवर्षी झोंबायच्या.

आता खरं सांगायचं तर सोलांज बहिणीच्या रूपावर कधी जळली नाही. तिच्या डॉक्टर नवऱ्यावर नाही, ल्योंच्या घरावर तर नाहीच नाही. ती जळायची एका गावावर. जे गाव तिनं पाहिलं नव्हतं आणि जे आता तिकीट काढूनही मिळणार नव्हतं. आर्लेटकडे ओरान होतं आणि तिच्याकडे नव्हतं, एवढंच. आईबरोबर बसून ‘तो वास आठवतो का गं’ म्हणायचं सुख तिला या जन्मात मिळणार नव्हतं. लहानपणी तिनं मोहल्ल्यातल्या सगळ्या गल्ल्या उतरणीसकट पाठ केल्या होत्या. शाळेत एकदा बाईंना ठोकून दिलं, माझा जन्म ओरानचा. बाईंनी आईला विचारलं. घरी आल्यावर आईनं तिच्या अशी थोबाडीत मारली की गाल दोन दिवस सुजला. “पुन्हा असं बोलायचं नाही! तू इथे जन्मलीस, मातेच्या कृपेनं इथे!” त्यानंतर सोलांज ते कधी बोलली नाही. जळणं मात्र थांबलं नाही.

नोर्बेरनं शेगडी पेटवून त्यावर सॉसेज टाकले होते. सोलांजनं चादर अंथरून कोका कापायला घेतल्या. भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोचं सारण भरून केलेल्या या भाकऱ्या तिनं आदल्या दिवशी पाच तव्यांवर भाजल्या होत्या. आईनं एक तुकडा तोंडात टाकला.

“मिरच्यांची सालं नीट निघाली नाहीत.”

“डोळे फुटेपर्यंत सोलल्या, आई.”

“ओरानला आपण कोळशावर भाजायचो,” आर्लेट म्हणाली. “ती चव गॅसवर कुठली यायला! नाही का गं आई?”

“नाही येत,” आईनं सुस्कारा सोडला आणि आर्लेटचा हात धरला.

सोलांजच्या हातातली सुरी थांबली. ‘घाल चुलीत तुझं ते ओरान!’ ती मनात म्हणाली आणि पुढची कोका जरा जोरातच कापली.

तेवढ्यात आईनं टाळी वाजवली, घरात काही महत्त्वाचं सांगायचं असलं की वाजवायची तशी.

“ऐका. यंदा मला चालवत नाही. नवस चुकवायचाही नाही. माझ्या जागी आर्लेट चालेल.”

नवस सगळ्यांना ठाऊक होता. दरवर्षी मिरवणुकीआधी आई खालच्या चौकापासून वर मातेच्या देवळापर्यंत अनवाणी चढायची. चढण काही फार मोठी नाही, पण खडीची, आणि मे महिन्यातलं ऊन. बासष्ट साली सगळे सुखरूप आले म्हणून, असं घरात सांगितलं जायचं. नोर्बेर आणि आर्लेट आईच्या दोन बाजूंना चालायचे. सोलांजला दरवर्षी एकच हुकूम, ‘तू टोपल्यांपाशी बस.’ तीन वर्षांची होती तेव्हा ठीक होतं. आता एकतिशी उलटली तरी ती टोपल्यांपाशीच बसत होती. टोपल्या काय पळून जाणार होत्या?

आर्लेटचा चेहरा उतरला. “मी? मी कशाला, आई? नोर्बेर चालेल की.”

“माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय,” नोर्बेर शेगडीआडून म्हणाला. “तूच जा.”

“मला नको सांगूस, आई. दुसरं काहीही सांग.”

नखरे! सोलांजला वाटलं, हिला ताट वाढून दिलंय आणि ही म्हणते भूक नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तिला नकोय तर मी चालते,” ती म्हणाली.

आई दचकली. “तू नाही.”

“का? पाय नाहीत मला?”

“तू टोपल्यांपाशी बस.”

“टोपल्या गेल्या खड्ड्यात! आई, रोज तुझे पाय मी चोळते. तुझ्यासाठी मी नोकरी अर्धवेळ केली. ही एक दिवस येते, ती पण सेंट लावून. नवस हिनं फेडायचा आणि मी पाव कापायचे?”

“खरं आहे तिचं,” जोसियान मध्ये पडली. “जी करते तिला मान नको का?”

“तू गप गं,” नोर्बेर बायकोवर खेकसला, मग सोलांजकडे वळला. “आणि तू कसला हट्ट धरून बसलीस? नवस त्या जहाजाचा आहे. तू होतीस का जहाजावर? नव्हतीस ना? मग ज्यांनी भोगलंय त्यांना करू दे. उगाच बदकानं समुद्राच्या गप्पा कशाला माराव्यात!”

पाकोकाकांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. आई मांडीवरच्या जपमाळेकडे बघत राहिली. मुलाला दटावलं नाही. आणि आर्लेट? आर्लेट सोलांजकडे एकटक बघत होती. त्या नजरेत कीव असती तर सोलांजनं सहन केली असती. कीव नव्हती. दुसरंच काहीतरी होतं, पण ते वाचायच्या मनःस्थितीत ती नव्हती.

“मी मेणबत्त्या आणते,” ती म्हणाली आणि निघाली.

मेणबत्तीचं दुकान उजवीकडे होतं. ती डावीकडे वळली. चौकात आल्यावर तिनं बूट काढले, मोजे काढले, एका भिंतीवर ठेवले आणि चढायला लागली.

पहिल्या वळणापर्यंत काही वाटलं नाही. मग खडी बोचायला लागली. दरवर्षी आईचे पाय घरी आल्यावर मिठाच्या पाण्यात सोडताना तिला वाटायचं, एवढं काय त्यात. आता कळत होतं. पण प्रत्येक टोचणीबरोबर तिला आतून एक दुष्ट आनंद होत होता. घ्या! तुमचं जहाज, तुमचं बंदर, तुमचा कोळसा ठेवा तुमच्याकडे. नवस माझा. पुढे एक म्हातारी गुडघ्यांवर चढत होती, तिला तिनं हात दिला. म्हातारीनं विचारलं, “कुठल्या मोहल्ल्याची गं तू?” आणि सोलांज बेधडक म्हणाली, “ला मरीन.” म्हातारीनं विश्वास ठेवला. एवढ्या वर्षांत कोणी पहिल्यांदाच ठेवला होता, आणि सोलांजला रडू आलं.

वर मातेपुढे तिनं काही मागितलं नाही. ‘बघितलंस ना, मीच आले,’ एवढंच म्हणाली, आणि तशीच अनवाणी खाली उतरली.

पाटीखाली आली तेव्हा तिच्या डाव्या अंगठ्यातून रक्त येत होतं. आर्लेट अजून निघालीच नव्हती. चादरीवर बसून आईशी हळू आवाजात वाद घालत होती.

“झालं,” सोलांज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “आर्लेटला त्रास नको. नवस फिटला. मी चालून आले.”

तिला वाटलं होतं आई रागावेल. ओरडेल, मग थोड्या वेळानं विरघळेल, पाय बघेल, ‘वेडी कुठली’ म्हणेल. आई ओरडली नाही. तिच्या तोंडावरचा रंगच गेला. तिनं भराभर छातीवर क्रूस काढला, एकदा, पुन्हा, पुन्हा.

“काय केलंस? काय केलंस गं हे, पोरी?”

“नवस फेडला.”

“कोणी सांगितलं होतं तुला! नोर्बेर, मला उठव. मला उठव म्हणते ना! मला आत्ता चालायला हवं.”

“आई, बस खाली, पडशील!” नोर्बेर शेगडी सोडून धावला. आई खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन खरंच उठत होती. खुबा दुखून तिच्या तोंडातून किंकाळी निघाली. जोसियाननं तिला मागून धरलं. पाकोकाकांनी टोपी काढून हातात घेतली.

“मी चालले म्हणून एवढं?” सोलांजचा आवाज चिरकला. “एवढी मी अपशकुनी? मी तुमच्यातली नाही म्हणून माझे पाय पण चालत नाहीत देवाला?”

“सांग तिला,” आर्लेट आईला म्हणाली.

“नाही सांगायचं. सांगायचं नसतं.”

“आता काय राहिलंय न सांगण्यासारखं? तिनं चालून टाकलं. सांग, नाहीतर मी सांगते.”

आई तोंड फिरवून रडायला लागली.

“नवस जहाजाचा नाही,” आर्लेट म्हणाली. ती उभी राहिली, उंच टाचांचे बूट पायातून उडवले, आणि सगळ्यांसमोर मोजे उतरवायला लागली. “सगळे सुखरूप आले म्हणूनही नाही. नवस तुझा आहे. तुझ्यासाठी बोललेला. आणि आईच्या माहेरची रीत आहे, ज्याच्यासाठी नवस त्याला सांगायचं नाही आणि त्याला तो फेडू द्यायचा नाही. फेडला, तर माता म्हणते, हिची ही समर्थ आहे, माझं काय काम. म्हणून तू टोपल्यांपाशी. कळलं?”

“माझ्यासाठी?” सोलांजला काही उमगेना. “मी तर जन्मले पण नव्हते तेव्हा.”

“पोटात होतीस ना. डिसेंबरात जन्मलीस, मोज की बोटं. धक्क्यावर आम्ही सगळे उभे होतो, जूनचं ऊन, पुढे मागे माणसंच माणसं. आणि आईच्या पायांवरून रक्त यायला लागलं. एक सुईण होती रांगेत, ती म्हणाली, जहाजावर चढलात तर मूल गेलं. आईनं तिथेच नवस बोलला. आणि बाबांनी मला आणि नोर्बेरला मावशीच्या हवाली करून जहाजावर चढवलं.”

“आणि आई?”

“आई राहिली,” नोर्बेर खाली मान घालून म्हणाला. मघाचा त्याचा तोरा कुठल्या कुठे गेला होता. “बाबा राहिले. खालच्या खैरानं मागच्या खोलीत ठेवून घेतलं त्यांना. त्या जुलैत गावात आपली माणसं शोधून शोधून मारली, तरी तिनं दार उघडलं नाही कोणाला. बाबा पुढे जन्मभर ‘त्या लोकांनी’ हाकललं म्हणत राहिले. त्या लोकांतल्याच एकीनं आईला दोन महिने भरवलं, ते नाही कधी बोलले.”

“मग मला का नाही कोणी...” सोलांज पाकोकाकांकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

पाकोकाकांनी मान हलवली. “आम्ही मेमध्येच निघालो होतो, पोरी. मला कुठलं माहीत असायला.”

“दोन महिने मी मार्सेयला नन्सच्या शाळेत जमिनीवर झोपले,” आर्लेट म्हणाली. आता तिचे पाय उघडे होते, गोरे, मऊ, नखं रंगवलेली. एक दिवसही दगडावर न पडलेले पाय. “रोज बंदरावर जायचे. रोज जहाजं यायची, आई यायची नाही. नोर्बेर म्हणायचा, मेली असेल. बारा वर्षांची होते मी, सोलांज. आणि तू माझ्यावर जळतेस. लहानपणापासून बघतेय मी तुझे डोळे. ओरान, ओरान! अगं, आहे काय माझ्याकडे? एक जिना आणि एक ओला टॉवेल. शेवटी ओरानला आईबरोबर कोण होतं? मी नव्हते. तू होतीस.”

 सोलांजनं आईकडे पाहिलं. आई डोळे मिटून माळ ओढत होती, आणि ओठांत आर्लेटचं नाव नव्हतं. सोलांजचं होतं. ते आर्लेटनंही ऐकलं.

“बघ,” आर्लेट हसली, पण ते हसू बघवेना. “आजपण. म्हणून नको म्हणत होते. दरवर्षी येते, तिच्या बाजूनं चालते, आणि ती प्रत्येक पावलाला तुझं नाव घेते. आता तर माझ्याच पायांनी घ्यायचं.”

“मग नको जाऊस,” सोलांज कशीबशी म्हणाली.

“नको कसं? तू घाण करून ठेवलीस ना! म्हातारी उठून चालायला लागेल.” आर्लेटनं पर्स जोसियानच्या हातात कोंबली आणि दोन पावलं गेली. खडी टोचली तशी थांबली. मागे वळली नाही.

“जहाज सुटलं ना, तेव्हा मी कठड्यावरून दोन्ही हात हलवत होते,” ती म्हणाली. “मागे राहिलेले सगळे धक्क्यावरून हात हलवत होते. आपल्या आईनं नाही हलवला. तिचे दोन्ही हात पोटावर होते. तुझ्यावर.”

मग ती चालायला लागली, लंगडत, शिव्या घालत, गर्दीतून वाट काढत. सोलांज तिच्या पाठीकडे बघत तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, या घरात जळणारी आपण एकटीच. आर्लेट तिच्यावर जळत होती, आणि तेही ती जन्मायच्या आधीपासून.